लखनादौनपर्यंत

वीज मंडळात एकतीस वर्षं मी लोकांचे मीटर वाचले,
आणि माझ्या येझ्दीचा मीटर पंच्याण्णव सालापासून
अडतीस हजार चारशे बारावर बसलाय.
त्यापुढचं सगळं चालणं बिनहिशेबी.

पेट्रोलमध्ये ऑइल मोजून ओतायचं, चोक ओढायचा,
तीन किका कोरड्या.
चौथीला ती खोकते
आणि मानेवाड्यातली आमची अख्खी गल्ली
खिडक्या लावून घेते.
जो दांडा किकचा तोच गिअरचा,
हे नव्या पोरांना सांगितलं
तर म्हातारा गंमत करून राहिला म्हणतात.

अमरकंटक मी तीनदा पाहिलं,
लखनादौनपर्यंत.
पहिल्यांदा क्लचची वायर.
दुसऱ्यांदा कंडेन्सर, वर पॉइंट जळालेले.
तिसऱ्यांदा काय झालं ते हशमत मिस्त्रीलाही कळेना.
मोमिनपुऱ्यात इंजिन उघडून तो बराच वेळ बघत बसला,
मग म्हणाला, "साहेब, पार्ट भेटून जाईल,
पण तो भेटेपर्यंत तुमचा उन्हाळा निघून जाईल."

तिन्ही रात्री आम्ही त्याच टपरीमागे बाजेवर काढल्या.
हेमलताने चहावाल्याच्या पोरीची वेणी घातली.
एका ट्रकवाल्याने आपल्या डब्यातली भेंडी दिली,
आणि वायरचा एक तुकडा, जो अजून माझ्या टूलकिटमध्ये आहे.
नव्या गाडीवर हे घडतं का, असं मी
वर्षानुवर्षं पाहुण्यांना ऐकवत आलो.
हेमलताही ऐकायची.
एकदाच, तव्यावरची नजर न काढता, म्हणाली,
"बिघडायचं तुमचं झालं.
पोचायचं माझं कधी?"

वर्धा रोडच्या शोरूमात मे महिन्यातही स्वेटर लागेल असा एसी.
प्राजक्ता ढबाले नावाची मुलगी म्हणाली,
"काका, हिला काही सांगावंच लागत नाही,"
आणि येझ्दीचा फोटो मोबाइलवर बघून,
"जुनीचे अकरा हजार. तेही माझ्या शब्दावर."
मी नवीच्या इंजिनाला कान लावला.
चालू होतं म्हणे.

घेतली.
जुनी दिली नाही. यात शहाणपण काही नाही,
पेन्शन आहे आणि पायऱ्यांखाली जागा आहे.

पहाटे बटण दाबलं. मनसर, खवासा, शिवनी,
जिथे जिथे मी थांबून प्लग पुसायचो
ती झाडं नुसती निघून गेली,
ओळख न देता.
आणि बत्तीस वर्षांत पहिल्यांदा
मागे बसलेली बाई मला ऐकू आली.
ती पाट्या वाचत होती, मोठ्याने,
पहिलीतल्या पोरीसारखी:
बंडोल, छपारा, गणेशगंज.

मग खांद्यावर थाप. "थांबा इथे."

चहावाला आता चष्मा लावतो.
त्याने आम्हाला ओळखलं नाही,
दोन चहा, साखर विचारून ठेवले.
तेव्हा हेमलताने हवेतच एक किक मारली
आणि खोकली.
"अरे! वो धुएँवाली!" तो उठून बाहेर आला,
नवीकडे बघितलं, पुन्हा आमच्याकडे.
"बिक गई?"
"घर पे है," ती माझ्याआधी बोलली,
जरा घाईनेच.

दिवेलागणीला पोचलो.
नर्मदा तिथे एवढीशी. कुंडाच्या पायरीवर बसून
हेमलताने पाणी डोळ्यांना लावलं
आणि पुढचा अर्धा तास
मला काही विचारलं नाही.
माझ्या हाताला कशाचाच वास नव्हता,
ग्रीसचा नाही, पेट्रोलचा नाही.
हात कुठे ठेवायचे ते कळेना.

घरी आलो तेव्हा नवीचा मीटर: एक हजार बारा.
सवयीने वहीत उतरवला.
पायऱ्यांखाली येझ्दीच्या पुठ्ठ्यावर
ऑइलचा डाग आणखी दोन बोटं पसरलेला.
तेही रीडिंग घेतलं.